मीराबाईचं बटण

तू जंगलात नेमकं काय करतेस असं कुणी विचारलं, की मी सांगायचे, झाडांना डब्या बांधते. आमच्या आलापल्लीत एवढं उत्तर पुरायचं. सेन्सर, वायरलेस नेटवर्क असले शब्द काढले, की समोरचा थोडा वेळ मान हलवायचा आणि मग हमखास विचारायचा, "पर्मनंट हाय का?" पर्मनंट नव्हतं. जंगलातली आग लवकर कळावी म्हणून नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं काढलेला तो प्रकल्प होता. त्यांना इथलीच, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, लुना चालवणारी आणि अस्वलाला न भिणारी व्यक्ती हवी होती. पहिल्या तिन्ही गोष्टी माझ्यात होत्या. चौथीबद्दल मी मुलाखतीत चक्क खोटं बोलले.

ही २००८ सालची गोष्ट. डबी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं प्लास्टिकचं खोकं. आत हवेतली उष्णता मोजणारा एक तुकडा, बॅटरी आणि एक चिमुकला रेडिओ. जवळच्या कोटेगुडा गावाच्या जंगलात आम्ही अशा चाळीसेक डब्या झाडांना बांधल्या होत्या. एका डबीचा आवाज फार लांब जात नसे, जवळच्या डबीपर्यंत पोचला तरी पुष्कळ. म्हणून टोकाची डबी आपला निरोप शेजारणीला द्यायची, ती पुढच्या शेजारणीला, आणि असं करत करत तो गावाजवळच्या वननाक्यावर यायचा. नाक्याच्या एका खोलीत माझा कॉम्प्युटर होता. तिथं त्याचा प्रवास संपायचा आणि माझं डोकं दुखणं सुरू व्हायचं.

गावात हे समजावून सांगताना मी रस्त्याच्या कामावरच्या बायांचं उदाहरण द्यायचे. बाया ओळीनं उभ्या राहून घमेली हातोहात पुढं देतात. मधली एक बाई पाणी प्यायला गेली, तर मागच्या सगळ्यांची घमेली हातातच राहतात. आमची सतरा नंबरची डबी अशी मधली बाई होती. नाल्याच्या काठावर गावातल्या मीराबाई मडावीच्या मोहाच्या झाडाला ती बांधली होती आणि नाल्यापलीकडच्या सगळ्या डब्यांचे निरोप तिच्याच हातून अलीकडे यायचे.

मार्चमध्ये मोहाची फुलं गळायला लागली आणि सतरा नंबरनं नखरे सुरू केले. रोज पहाटे ती गप्प व्हायची. ती गप्प झाली की पलीकडचं सगळं जंगल गप्प. ऊन वर आलं की जणू काही झालंच नाही अशा थाटात सगळ्या पुन्हा बोलायला लागायच्या. मी नागपूरला नूतन मॅडमना फोन लावला. मॅडम आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. बाई हुशार, बोलायला चटपटीत, फक्त दर दुखण्यावर त्यांचं औषध एकच असायचं.

"बॅटरी बदल," त्या म्हणाल्या.

बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. मला आधी डबीचा राग आला, मग मॅडमचा आणि शेवटी ही नोकरी धरल्याबद्दल स्वतःचा. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी सत्यशीलाताईंना घेऊन नाल्याकडे निघाले. सत्यशीलाताई म्हणजे नाक्यावरच्या वनरक्षक. वर्दीत असल्या की गावातली बापई माणसं त्यांना वाट सोडून उभी राहायची. त्या पुढं चालल्या होत्या, म्हणून माझं अस्वलाबद्दलचं खोटं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मोहाजवळ पोचलो तर खाली पिवळसर फुलांचा सडा आणि त्या गोड, जड वासानं भरलेली हवा. मीराबाई टोपलीत फुलं वेचत होती. पलीकडच्या मोहाखाली पाचोळ्याची बुटकी आग गोल गोल सरकत होती. आणि माझी सतरा नंबरची डबी एका ओल्याचिंब पोत्यात गुंडाळून, वरून सुतळीनं करकचून बांधलेली होती.

"मीराबाई, हे कोनं बांधलं?" सत्यशीलाताईंनी विचारलं.

"म्या."

"काऊन?"

"खाली आग लावा लागते ना. तिले झळ लागली असती." मीराबाईनं माझ्याकडं हात केला. "हेच पोरगी सांगून गेली होती, डबी नाजूक हाय, तिले जपा. म्हनून मी पोतं नाल्यात भिजवतो अन् गुंडाळून देतो. ऊन वर आलं का सोडून घेतो."

मला हसू आवरेना आणि रडूही यायला लागलं. पाण्यानं निथळणाऱ्या पोत्यातून आमच्या त्या चिमुकल्या रेडिओचा आवाज बाहेर पडणं शक्यच नव्हतं. अख्ख्या नाल्यापलीकडचं जंगल रोज पहाटे मुकं होत होतं, कारण मीराबाई माझ्या डबीला जपत होती.

इथं पाचोळ्याच्या आगीबद्दल सांगायला हवं. मोहाचं फूल पहाटे गळतं. खाली पाचोळा असेल तर त्यात ते सापडत नाही, म्हणून झाडाखालची जागा जाळून साफ करतात. धूर असला की अस्वलही लांब राहतं, त्याला मोहाचं फूल आपल्याहून जास्त आवडतं. कोटेगुड्यात कुठला मोह कुणाचा हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. मीराबाईची झाडं तिला सासूकडून आलेली, आणि ती फुलं विकून तिच्या घरचं अर्धं वर्ष निघायचं. मुश्कील एवढीच की कधी कधी ही आग हातची सुटून जंगलात शिरते.

आदल्या वर्षी तसं झालं होतं. नाल्यावरचा बांबू पेटला. मीराबाईची आग सुटली अशी हाक उठली, सगळं गाव धावलं, नाक्यावरचे लोक धावले. आग विझली, मग ती खरंच तिची का यावर चर्चा झाली. मीराबाईचे मोह सगळ्यात जवळ, म्हणून आग मीराबाईची. ती नाही नाही म्हणत राहिली. गावच्या वन समितीनं ठरवलं, या खेपेला माफ, पुन्हा तिची आग जंगलात गेली तर तिची झाडं दुसऱ्या घराला द्यायची.

परत येताना सत्यशीलाताई हळूच म्हणाल्या, "डबीले झळ लागू नाई म्हनून पोतं, का आपल्याले खबर लागू नाई म्हनून?"

"दोन्ही असेल," मी म्हटलं. मला त्यात काही वाईट दिसलं नाही.

मीराबाईनं पोतं बांधणं सोडलं. सतरा नंबर पहाटेही बोलायला लागली आणि माझ्या पडद्यावर तिच्या मोहाखालची आग दिसायला लागली. उष्णता चढायची, थोडा वेळ टिकायची, उतरायची. मी बघायचे, चहा प्यायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. ती आग कुणाची हे मला माहीत होतं, त्यामुळे कुणाला काही सांगायचं कारण नव्हतं.

मग नूतन मॅडम नागपूरहून आल्या. सोबत एक मोडेम आणि खूप उत्साह.

"रुबीना, आतापर्यंत आपण काय केलं? डब्या एकमेकींशी बोलतात आणि निरोप या खोलीत येऊन थांबतो," त्या म्हणाल्या. "हे झालं सेन्सर नेटवर्क. आपल्या आपल्यात. आता ही खोली टेलिफोनच्या तारेनं इंटरनेटला जोडायची. मग सतरा नंबरची डबी नागपुरात दिसेल, दिल्लीत दिसेल. तिला गरम लागलं की कॉम्प्युटर आपणहून वनखात्याच्या साहेबांच्या मोबाइलवर मेसेज टाकेल. मध्ये माणूस नको. याला वस्तूंचं इंटरनेट म्हणतात. म्हणजे डब्या हव्यातच, त्यांच्याशिवाय काही नाही. पण डब्या हे फक्त कान. ऐकून काहीतरी करणारं सगळं शरीर म्हणजे हे दुसरं."

"मध्ये माणूस नको म्हणजे मी नको."

"तू डब्या सांभाळ ना. तुला रोज पहाटे पडद्यासमोर बसायला नको."

"आणि मीराबाईच्या पाचोळ्याला डबीनं आग म्हटलं तर?"

"आग ती आगच."

इथं माझं डोकं फिरलं. मी बरंच बोलले. जंगलात प्रत्येक आग सारखी नसते, आमच्या आळीत चुलीचा धूर दिसला म्हणून कुणी बंब बोलवत नाही, रोज पहाटे साहेबांचा मोबाइल वाजला तर आठवड्याभरात ते तो बंद करून झोपतील, आणि तोवर मीराबाईची झाडं गेलेली असतील. शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज फाटला, त्याची मला लाज वाटली.

मॅडम चिडल्या नाहीत. हा त्यांचा गुण होता. "मग डबीला कसं कळणार, आग कुणाची आहे?" त्यांनी विचारलं. मोडेम त्या ठेवून गेल्या, पुढच्या आठवड्यात सुरू करू म्हणाल्या.

संध्याकाळी मी अब्बांच्या दुकानात जाऊन बसले. नूरुद्दीन रेडिओवाले म्हटलं की आलापल्लीत अजूनही लोक दुकान दाखवतात, जरी रेडिओ दुरुस्तीला यायचे कधीच थांबले होते आणि अब्बा आता मिक्सर, टॉर्च, दारावरच्या बेल असलं काहीबाही करायचे. मी सगळं सांगितलं. ते एका बेलचं बटण उघडून आतली पट्टी घासत होते.

"डबीले समजत नाई तर डबीले काऊन विचारते, बेटा?" ते म्हणाले. "जिची आग हाय तिलेच विचार ना."

"पहाटे जंगलात? फोन कुठून आणायचा तिथं?"

अब्बांनी घासलेलं बटण जागेवर बसवलं, दाबून बघितलं. बेल वाजली. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, पण ते बटण माझ्यासमोर सरकवलं.

मला समजायला जरा वेळ लागला. मग मी त्यांच्याकडून तसली मूठभर बटणं घेऊनच घरी गेले.

कल्पना साधी होती. मोहाजवळच्या प्रत्येक डबीला एक बटण. आग लावायच्या आधी ज्याचा मोह त्यानं ते दाबायचं. म्हणजे, ही आग माझी, मी इथंच उभा आहे. बटण दाबलं की कॉम्प्युटरनं पडद्यावर हिरवं पान दाखवायचं, आणि मग उष्णता चढली तरी गप्प बसायचं. बटण न दाबता उष्णता चढली तर मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या पहिल्यांदाच 'बॅटरी बदल' म्हणाल्या नाहीत. "छान आहे," म्हणाल्या, आणि दोन दिवसांत प्रोग्राम बदलून पाठवला.

गावाला गोळा करून मी समजावलं. वन समितीचा अध्यक्ष झिंगू, ज्याचं गावात किराणा दुकान, त्यानं खोदून खोदून विचारलं.

"म्हनजे दाबलं का आग आपली, असं कबूल झालं?"

"हो."

"मंग ते आग जंगलात गेली तर?"

"मग तुमचीच गेली, झिंगूभाऊ. मशीन तसंच सांगेल."

"हे बेस हाय," झिंगू म्हणाला, आणि बोलताना त्याची नजर मीराबाईकडं गेली. मीराबाईनं पदर नीट केला. मी तेव्हा स्वतःवर फार खूश होते, त्यामुळे ती नजर मला दिसली तरी मी तिचा विचार केला नाही.

दुसऱ्या पहाटेपासून मोडेम किरकिरायला लागला आणि कोटेगुड्याचं जंगल नागपुरात दिसायला लागलं. मीराबाईला बटण आवडलं. आग लावायच्या आधी ती दाबायची, आणि विझल्यावरही एकदा दाबायची, मी नको सांगितलं तरी. "सांगाले तं लागन ना, का झालं म्हनून," असं तिचं म्हणणं. माझ्या पडद्यावर रोज हिरवी पानं यायची. नागपुरात मॅडम आपल्या विद्यार्थ्यांना ती पानं दाखवायच्या. मला पहाटे नाक्यावर यायची गरज उरली नव्हती, पण मी यायचे. सवय लागली होती, आणि खरं सांगायचं तर कॉम्प्युटर माझ्यावाचून चालतोय याचा मला थोडा राग होता.

मोहाची फुलं संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मी खोलीत चहा घेऊन बसले होते. सतरा नंबरवर हिरवं पान आलं. मग लगेच दुसरं. मग तिसरं. मी कप खाली ठेवला. पानं येतच राहिली, पडद्याची ती ओळ हिरवीगार झाली. मला वाटलं बटण अडकलं. अब्बांनी आतली पट्टी घासून दिलेली होती, तरी अडकलं असेल. मग मी उष्णतेचा आकडा बघितला. तो जागचा हललेला नव्हता. त्या मोहाखाली आग नव्हतीच.

आग नाही, आणि मीराबाई पुन्हा पुन्हा सांगत होती की आग माझी आहे.

कॉम्प्युटर निवांत होता. त्याच्या हिशोबानं सगळं छान चाललं होतं. बटण दाबलेलं, म्हणजे माणूस हजर, म्हणजे काळजी नाही. नागपुरातही त्या वेळी सगळं हिरवंच दिसत असणार. जेवढ्या वेळा ती दाबत होती तेवढ्या वेळा मशीन जगाला सांगत होतं की येऊ नका. हे लक्षात आलं आणि मी पुन्हा पडद्याकडं वाकून बघितलं. अडकलेलं बटण एका लयीत बोललं असतं. हे मध्येच थांबत होतं, पुन्हा सुरू होत होतं. कुणीतरी जात होतं आणि परत येत होतं.

मी धावत सत्यशीलाताईंच्या क्वार्टरवर गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं नाही, शिट्टी उचलली.

आग बांबूत होती. नाल्याच्या अलीकडं, सडकेच्या बाजूनं आलेली, जिथं आमची एकही डबी नव्हती, कारण चाळीस डब्या कुठं कुठं पुरणार. वारा तिला मोहांकडं ढकलत होता. मीराबाई एकटीच ओल्या पळसाच्या फांदीनं आगीची कड झोडपत होती. जरा जमलं की पळत मोहाजवळ जायची, बटण दाबायची, पुन्हा फांदी घेऊन आगीकडं. तिच्या लुगड्याचा काठ काळा झाला होता. आम्हाला बघून ती थांबली नाही. हातानं फक्त दाखवलं, तिकडून या.

ताईंच्या शिट्टीनं गाव आलं. झिंगूही आला. बायांनी आगीच्या पुढचा पाचोळा झाडून मोकळी पट्टी केली, बापयांनी फांद्यांनी झोडपलं. मी काय केलं ते विचारू नका, मी जास्त खोकलेच. पण आग त्या पट्टीवर येऊन थांबली. मीराबाईचे मोह वाचले. आग नाल्यापलीकडं गेलीच नाही.

संध्याकाळी समिती शाळेच्या व्हरांड्यात बसली. झिंगू दुपारीच नाक्यावर येऊन माझा पडदा बघून गेला होता.

"मशीनच सांगते, आग मीराबाईची," तो म्हणाला. "एकदा नाई, ढीगभर सांगते. म्या माह्या डोळ्यानं पायलं. दाबलं म्हनजे कबूल, असं ह्या बाईनंच सांगतलं होतं." ही बाई म्हणजे मी.

मी उभी राहिले. डबीला उष्णता लागलीच नव्हती, आग सडकेकडून आली, मोहाखाली पाचोळाही पेटलेला नव्हता, हे सगळं सांगितलं. सत्यशीलाताईंनीही सांगितलं. लोक ऐकत होते. पण झिंगूचा प्रश्न खरा होता, आणि तो त्यानं विचारला.

"मंग आग तुही नोती, तर तू बटन काऊन दाबलं, मीराबाई?"

मीराबाई खांबाला टेकून बसली होती. भाजलेल्या हाताला हळद लावलेली.

"दुसरं का होतं तिच्यात दाबाले?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मागच्या साली आग माही हाय असं लोक म्हनले, तं सारं गाव धावून आलं. नाक्याचे आले. बेवारस आगीले कोन येते, झिंगूभाऊ? मी एकटी. म्हनून सांगत राह्यली, माही हाय, माही हाय. माही म्हनलं तं येतीनच, हे मले मालूम होतं."

"झाडं जातीन, हे मालूम नोतं का?"

"होतं ना. पन जळून जाण्यापरीस कोनाच्या घरी राह्यली असती, तं बरंच होतं."

मी खाली बसले. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. चाळीस डब्या, मोडेम, नागपूर, सगळं जोडून आम्ही तिच्या हातात एकच शब्द दिला होता, आणि तो शब्द तिच्यावरच उलटणारा होता. तिनं तो बिनदिक्कत वापरला होता.

आदल्या वर्षी सगळ्यात आधी झिंगूच धावला होता, आणि आग मीराबाईची असं सगळ्यात आधी त्यानंच म्हटलं होतं. "मागच्या सालीबी सडकेकडूनच आली असन," तो म्हणाला. मग गमछा झटकून उठला. "झाडं जिची तिच्याकडंच राहतीन. चला घरी."

रात्री मी मॅडमना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "दुसरं बटण लाव. लाल. आग माझी नाही, लवकर या, असं सांगणारं. आधीच लावायला हवं होतं, आपल्या डोक्यात कसं आलं नाही?"

अब्बांकडं लाल बटण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते घेऊन मोहाखाली गेले. फुलं जवळजवळ संपली होती, मीराबाई उरलीसुरली वेचत होती. मी डबी उघडली, तार जोडली, बटण बसवलं आणि तिला समजावलं. हे जुनं दाबलं तर आग तुमची. लाल दाबलं तर आग तुमची नाही, मदत पाहिजे.

"हे लाल दाबलं तं कोठवर जाईन?" तिनं विचारलं.

"लई लांब. साहेबांच्या फोनवर जाईन, चंद्रपूरले, नागपूरले, सगळीकडं एकाच वेळी."

मीराबाईनं बोटानं ते बटण चाचपून बघितलं, दाबलं नाही.

"नागपूरचे तं येऊन पोचेपर्यंत संध्याकाळ होईन," ती म्हणाली. "तुह्या खोलीतबी दिसन ना?"

"दिसन."

"तू राहशीन ना पहाटे?"

मला पहाटे यायची गरज नव्हती, हे तिला माहीत नव्हतं. मी राहीन म्हणून सांगितलं.

"मंग असू दे," मीराबाई म्हणाली, आणि पुन्हा फुलं वेचायला खाली बसली.